उरलेली जागा

राजापेठेत राहणाऱ्या मुलीने बॉब मार्लेवर लेख लिहावा, याचे आमच्या वर्गातल्या मंडळींना हसू येईल. कुठे जमैका आणि कुठे बडनेरा रोड! पण ज्या कॅसेटविषयी मी लिहिणार आहे ती राजापेठेतच तयार झाली आहे. गाणी तिकडची, फीत टी-सिरीजची आणि वरचे अक्षर माझ्या बाबांचे.

बाबांचे १९९० पासून २००५ पर्यंत राजापेठेत कॅसेट भरून देण्याचे दुकान होते. दुकान म्हणजे सहा बाय आठची एक खोली, दोन डेक, एक ॲम्प्लिफायर आणि भिंतीला लावलेल्या लाकडी खणांत कॅसेटीच कॅसेटी. प्रथम वर्षाच्या मुलांना हा धंदा समजावूनच सांगावा लागेल. गिऱ्हाईक वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून आणायचे. बाबा ती गाणी निरनिराळ्या कॅसेटींतून हुडकून एका कोऱ्या कॅसेटवर उतरवून द्यायचे. कुणी सी-साठ मागे, कुणी सी-नव्वद, म्हणजे साठ किंवा नव्वद मिनिटांची. डेकला दुप्पट वेगाने भरण्याचे बटण होते, पण बाबा ते दाबत नसत. त्यात आवाज पातळ होतो असे त्यांचे मत. त्यामुळे चार मिनिटांचे गाणे उतरवायला चार मिनिटेच लागत आणि ती चार मिनिटे बाबांना ते ऐकावेच लागे. पंधरा वर्षांत या माणसाने किती गाणी ऐकली असतील याचा हिशेब मी एकदा करून पाहिला आणि सोडून दिला.

हा धंदा कायद्याच्या दृष्टीने सरळ नव्हता, हेही सांगून टाकते. पण गावोगाव तो चालत होता आणि चारचौघांत मान राखून चालत होता. आमच्या एका प्राध्यापकांनी मला पीटर मॅन्युएल यांचे ‘कॅसेट कल्चर’ हे १९९३ साली निघालेले पुस्तक वाचायला दिले. उत्तर भारतात स्वस्त कॅसेटींनी गाण्याचा कारभार मूठभर कंपन्यांच्या हातून सोडवून कसा गल्लीबोळांत आणला, ते त्यात सविस्तर आहे. मी ते बाबांना थोडेफार वाचून दाखवले. “म्हंजे आपल्यावर पुस्तक निंगालं, अन् आपल्यालेच पत्ता नाही,” एवढेच ते म्हणाले.

आता मुद्द्याची गोष्ट. सी-साठच्या एका बाजूला तीस मिनिटे असतात. यादीतली गाणी संपत आणि फीत दोन-चार मिनिटांची उरे. तेवढी फीत कोरी ठेवून कॅसेट गिऱ्हाइकाच्या हाती देणे बाबांना पटत नसे. “ताटात जागा रिकामी दिसली तं वाढनाऱ्याले लाज वाटली पाह्यजे,” असे त्यांचे म्हणणे. म्हणून उरलेल्या जागेत ते आपल्या पसंतीचे एखादे गाणे भरून देत. त्याचे पैसे घेत नसत. लग्नाच्या कॅसेटीला सनई, कुणाला मुकेशचे एखादे, म्हाताऱ्या माणसाला विठ्ठलाचे. कोणते गाणे मिळते याची पैज लावून कॅसेट नेणारे पोरेही होते म्हणे.

आमच्या गावात हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे. तिथे शारीरिक शिक्षणाचा अभ्यास करायला देशाच्या कानाकोपऱ्यातून मुले येतात, मणिपूरचीसुद्धा. असाच एक मणिपुरी मुलगा १९९४ च्या सुमारास दुकानात आला. त्याच्या हातात मित्राकडून दोन दिवसांच्या बोलीवर आणलेली कॅसेट होती आणि तिची एक प्रत त्याला हवी होती. ती कॅसेट म्हणजे बॉब मार्लेचे ‘लेजंड’. बाबांना इंग्रजी येत नाही. त्यांनी ती डेकमध्ये घातली, ऐकू लागले, आणि त्यांच्याच सांगण्याप्रमाणे पहिल्या दोन गाण्यांत त्यांनी चहा मागवायचा राहून दिला. मुलाची प्रत त्यांनी करून दिली. मग दुसऱ्या कोऱ्या फितीवर आणखी एक प्रत केली, दुकानासाठी म्हणून. पुढे कुणी ती मागितली नाही. दुकान बंद झाले तेव्हा ती घरी आली, आणि माझे बालपण तिच्यावर गेले.

“तुम्हाले काय समजते त्यातलं?” असे आई विचारी. बाबा म्हणत, “मले काय समजनार? पन हा मानूस घाई नाही करत.”

बाबांच्या या वाक्याचा अर्थ मला कळायला पुष्कळ वर्षे गेली. रेगे म्हणतात त्या गाण्याची गंमत तालात आहे. आपल्याकडे गवई असो की भजनी मंडळ, सगळ्यांचा जीव समेवर येण्यात गुंतलेला. तबला, टाळ, श्रोत्यांच्या माना, सारे तिथे एकदम पडते. तुकडोजी महाराजांच्या परंपरेतली खंजिरी ज्यांनी मोझरीला ऐकली असेल त्यांना ती थाप आठवेल. रेगेमध्ये नेमकी पहिली मात्रा मोकळी सोडतात. ढोलाचा ठोका तिसऱ्या मात्रेवर. गिटार वाजते तीही ठोक्यावर नव्हे, दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत, आखूड, तुटक. आणि या सगळ्याच्या खाली बेस गिटार आपली स्वतंत्र चाल धरून चाललेली. मार्लेबरोबर हे काम कार्लटन आणि ॲस्टन बॅरेट हे दोघे भाऊ करीत. एक ढोलावर, दुसरा बेसवर. जिथे आपण धावत जाऊन पोहोचणार तिथे हे लोक कुणीच नसतात. पायरी आहे असे समजून पाऊल टाकावे, ती नसावी, आणि तरी पडू नये, असे काहीसे होते. घाई करणाऱ्याला हे गाणे साधायचेच नाही.

तेव्हा हे काही माहीत नव्हते. पाच-सहा वर्षांची मी, खाटेवर उताणी पडून ऐकत असे. बी बाजूच्या अगदी शेवटी, मार्लेचे गाणे हळूहळू विरत जाई, एक क्षण खरखर होई, आणि ढोलकी-पेटीवर मराठी गाणे सुरू होई. खणखणीत, वर चढलेला, थोडा घासलेला पुरुषी आवाज. ते बाबासाहेबांवरचे गाणे होते. आणि वाचकहो, अगदी खरे सांगते, सात-आठ वर्षांची होईपर्यंत माझी अशी समजूत होती की हा एकच माणूस आहे. दिवसभर कुठल्यातरी परक्या बोलीत गातो, आणि शेवटी घरी येऊन चपला काढल्या की मराठीत बोलायला लागतो.

तो मराठी आवाज प्रल्हाद शिंदे यांचा होता. १९३३ साली जन्मलेले आणि २००४ साली गेलेले प्रल्हाद शिंदे महाराष्ट्राला सांगायला नकोत. आनंद आणि मिलिंद शिंदे यांचे वडील, आजच्या आदर्श शिंदेचे आजोबा. आषाढात ज्यांच्या आवाजावाचून विठ्ठलाच्या देवळाचा कर्णा सुरू होत नाही, ते गायक. त्यांनी सत्यनारायणाची कथा गायिली, कव्वाल्या गायिल्या, आणि आयुष्यभर भीमगीते गायिली. गळा तोच.

मार्लेची सगळी माहिती मला मोबाईल हाती आल्यावर मिळाली. ६ फेब्रुवारी १९४५ चा जन्म, जमैकातल्या नाईन माईल नावाच्या खेड्यातला. आई काळी, बाप गोरा आणि बहुतेक वेळा गैरहजर. पोरवयात आईबरोबर किंग्स्टनच्या ट्रेंचटाऊन वस्तीत आला. डिसेंबर १९७६ मध्ये घरात घुसून त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. दोन दिवसांनी तो त्याच जखमांनिशी जाहीर कार्यक्रमात गायला. ११ मे १९८१ रोजी कर्करोगाने गेला तेव्हा छत्तीस वर्षांचा होता. आणखी एक गोष्ट, जी वाचून मी बाबांना झोपेतून उठवले होते. त्या बेटावर १८४५ पासून १९१७ पर्यंत भारतातून करारबद्ध मजूर नेले जात होते, बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडचे. त्यांच्याबरोबर गेलेला ‘गांजा’ हा शब्द तिकडे आजही आहे. (प्राध्यापक मंडळींनी भुवया चढवू नयेत. माहिती म्हणून सांगितले.)

‘नो वूमन, नो क्राय’ या त्याच्या गाण्याच्या नावाचा अर्थ आमच्या वर्गातले पोट्टे ‘बाई नाही तं रडनं नाही’ असा लावतात आणि प्रेमभंग झालेल्याच्या पाठीवर थाप मारून तो ऐकवतात. अर्थ बरोबर उलटा आहे. वस्तीतल्या बाईला गाणारा म्हणतो आहे की, नको रडूस, बाई. त्या गाण्याचा कवी म्हणून नाव लागले व्हिन्सेंट फोर्ड या मित्राचे. हे फोर्ड ट्रेंचटाऊनमध्ये भुकेल्यांसाठी रसोडे चालवीत. गाडगेबाबांच्या गावातल्या माणसाला ही गोष्ट परकी वाटायचे कारण नाही.

‘लेजंड’ निघाले १९८४ च्या मे महिन्यात, मार्ले गेल्यानंतर तीन वर्षांनी. मूळ तबकडीवर चौदा गाणी. अमेरिकेतल्या खपाच्या यादीत त्याने आठशेहून अधिक आठवडे काढले आहेत; म्हणजे माझ्या वयाच्या मुलीचे जेवढे आयुष्य, त्याच्या तीन-चतुर्थांश. याची मोहिनी कशात आहे? निवडक गाण्यांच्या कॅसेटीचे एक सुख असते की त्यात पडेल गाणे नसते. एकामागून एक, सगळी ओळखीची, जेवणात फक्त पुरणपोळीच. आणि अमरावतीसारख्या गावी दुसरा इलाजही नव्हता. मार्लेच्या मूळ तबकड्या इथे कोण आणणार होते? जे काही मिळायचे ते एका कॅसेटीत मिळायचे. “एका फितीत मानूस भेटते,” असे बाबा म्हणत. भेटतोही. मी तरी दुसऱ्या कुठल्या दाराने त्याच्याकडे गेले असते असे मला वाटत नाही.

पण पूर्ण भेटतो का? अकरावीत असताना मी त्याच्या मूळ तबकड्या एकेक करून ऐकल्या आणि चक्रावून गेले. १९७९ ची ‘सर्व्हायव्हल’ घ्या. तिच्या वेष्टनावर आफ्रिकेतल्या देशांचे झेंडे आहेत, आणि नावाच्या मागे गुलामांच्या जहाजाचा आराखडा आहे, माणसे लाकडांसारखी रचलेली. तीत झिंबाब्वेवर गाणे आहे, आणि १९८० च्या एप्रिलमध्ये त्या देशाच्या स्वातंत्र्यसोहळ्यात मार्ले स्वतः जाऊन गायला. या संपूर्ण तबकडीतले एकही गाणे ‘लेजंड’मध्ये नाही. एकही नाही! उलट १९७७ च्या ‘एक्सोडस’मधली पाच आहेत. त्यांतली बरीचशी प्रेमाची, नाचाची, चिंता करू नका म्हणणारी. पुढे वाचनात आले की हे आपोआप झालेले नाही. आयलंड कंपनीचा कारभार तेव्हा डेव्ह रॉबिन्सन नावाचे गृहस्थ पाहत होते. मार्लेचा संताप गोऱ्या गिऱ्हाइकाला बिचकवतो, त्याला गोड मार्ले हवा, हे त्यांनी हेरले आणि त्या बेताने गाणी निवडली. जाहिरातीत ‘रेगे’ हा शब्दसुद्धा जपून वापरला. बेत अचूक होता. खप पाहा.

मला राग आला. सतराव्या वर्षी येतो तसा, मोठा आणि सोपा. मी बाबांकडे जाऊन म्हटले, “तुमच्या कॅसेटवाल्याने त्याचे दात काढून ठेवले आहेत.” बाबा त्या वेळी कुणाचा मिक्सर उघडून बसले होते. दुकान गेल्यापासून ते दुरुस्तीची कामे करतात. वर न पाहता म्हणाले, “सारेच नाही काढले. तो एकटा गिटार घेऊन गाते, ते आहे का नाही त्याच्यात?”

आहे. ‘रिडेम्प्शन साँग’. बाबांना त्यातला एक शब्द कळत नव्हता, पण गाणे बरोबर धरले होते. ढोल नाही, बेस नाही, एक माणूस आणि एक गिटार. मनाची गुलामी आपली आपणच तोडली पाहिजे हा त्यातला विचार मार्लेने मार्कस गार्वी यांच्या १९३७ च्या एका भाषणातून घेतला आहे. गार्वींच्या भाषणाच्या दहा वर्षे आधी, १९२७ साली, आमच्या याच गावात अंबादेवीच्या देवळात शिरण्यासाठी सत्याग्रहाची तयारी चालली होती आणि त्यासाठीच्या परिषदेला बाबासाहेब इथे आले होते. जमैकातल्या माणसाला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. इथल्या पुष्कळांनाही ठाऊक नाही.

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मी हेच गाणे गायले. साथीला आमच्या वर्गमित्राची गिटार होती. सभागृह शांत झाले, मग टाळ्या झाल्या. एका प्राध्यापकांनी मुद्दाम बोलावून सांगितले की विद्रोहाचा असा सूर आपल्या संमेलनात पूर्वी लागला नव्हता. मी आनंदाने घरी आले. आणि आता जे लिहिते आहे ते लिहिण्यासाठीच हा लेख आहे.

संमेलनाच्या यादीत नाव देताना मी दोन गाणी लिहिली होती. पहिले मार्लेचे. दुसरे कॅसेटीच्या शेवटचे, प्रल्हाद शिंदे यांचे. चाल मला झोपेतही येते. मग पेनाने दुसऱ्यावर रेघ मारली. मला कुणी सांगितले नव्हते, कुणी अडवलेही नसते. आमच्या महाविद्यालयात जयंती साजरी होते, हार घातले जातात, भाषणे होतात. तरीही माझ्या मनात आले की हे संमेलन आहे, जयंती नाही. इथे ते ‘बरे दिसणार नाही’. जमैकातल्या काळ्या माणसाचा विद्रोह बरा दिसला. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत मी घरी ऐकलेला विद्रोह कुठेच नव्हता, आणि तो बाहेर ठेवला होता तो मीच. डेव्ह रॉबिन्सनवर मी दोन वर्षे रागावले होते.

त्या रात्री मी ती कॅसेट काढली. डबीतला कागद बाबांच्या अक्षरातला. वरती ‘बॉब मारले – निवडक (इंग्रजी)’. खाली ए बाजू, बी बाजू. त्या मणिपुरी मुलाला विचारून बाबांनी गाण्यांची नावे देवनागरीत उतरवून घेतली होती. काही बरोबर, काही भयंकर. एकाचे ‘बफेलो सोलजर’ झाले आहे. अमेरिकेच्या घोडदळातल्या काळ्या शिपायांवरचे ते गाणे, पण आई त्याला ‘म्हशीवालं’ म्हणते. चौदा नावे मी मोजली. पंधरावे नव्हते.

बाबांच्या इतर कॅसेटी मी पाहिल्या. ट्रंकभर आहेत. उरलेल्या जागेत भरलेले गाणे बाबा नेहमी शेवटी लिहीत, पुढे कंसात ‘भेट’ असे लिहून. हा त्यांचा धंद्यातला थाट होता. फक्त याच कॅसेटीवर ते नाही.

“याच्यावर शेवटचं काहून नाही लिहिलं?” मी विचारले.

“जागा नव्हती.”

जागा होती. दोन ओळी कोऱ्या होत्या. मी कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावला, पाहिले, आणि चष्मा काढून पुसत बसले. मग थोडे थोडे सांगू लागले. एका दमात नव्हे, दोन-तीन दिवसांत, कामे करता करता.

दुकानाच्या पाटीवर आडनाव नव्हते, हे मला ठाऊक होते. पाटी रंगवणाऱ्याचे पैसे वाचले असे बाबा गमतीने म्हणत. दुकानात समोर गजानन महाराज आणि विठ्ठल-रखुमाई. बाबासाहेबांची तसबीर घरी. गाळा भाड्याचा होता. गाळ्याचा मालक भला माणूस. त्याने कधी विचारले नाही आणि बाबांनी कधी सांगितले नाही. आषाढ लागला की बाबा दिवसभर प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलाची गाणी बाहेरच्या स्पीकरवर लावीत, आणि रस्त्याने जाणारी माणसे क्षणभर थांबत. खपही मोठा होई. भीमगीतांच्या कॅसेटी बाबा ऑक्टोबरात नागपूरहून आणीत. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांची आणि कॅसेटींची दुकाने लागतात, तिथून पिशवीभर. त्या खणात मांडलेल्या नसत. गल्ल्याखालच्या कप्प्यात असत. ज्याला हव्या तो मागे, बाबा वाकून काढून देत. मागणाराही आवाज उतरवूनच मागे. कागदात गुंडाळून देण्याची पद्धत होती.

“म्हंजे प्रल्हाद शिंदे वरच्या खनातही होते, अन् खालच्या कप्प्यातही,” बाबा म्हणाले. “एकाच गळ्याच्या दोन कॅसेटी. वरची घेनाऱ्याले खालची मालूम नाही. खालची घेनारा वरची बी घेऊन जाये.”

प्रल्हाद शिंदे यांच्या निवडक गाण्यांची कॅसेट बाबांनीही कितीतरी गिऱ्हाइकांना भरून दिली असेल. त्यांत विठ्ठल आणि बाबासाहेब एका फितीवर कधी आले का, असे मी विचारले. बाबांनी बराच वेळ आठवून पाहिले. “यादीच नाही आली तशी,” ते म्हणाले. “अन् उरलेल्या जागेत मी कोनाच्या कॅसेटीत भीमगीत नाही भरलं. वापस आनून देल्ली तं?”

मणिपुरी मुलाच्या प्रतीत शेवटी काय भरले होते? मुकेश. बाबांना नक्की आठवत होते. दुकानाची म्हणून जी दुसरी प्रत केली, जी मार्ले ऐकणारे गिऱ्हाईकच नसल्यामुळे कुणी मागणार नव्हते, त्या एकाच फितीवर, त्या एकाच तीन-साडेतीन मिनिटांत, बाबांनी आपल्याला हवे ते गाणे आपल्या दुकानात, आपल्या डेकवर, शटर अर्धे ओढून उतरवले. नाव मात्र लिहिले नाही.

“पन याच्याच मांगं काहून भरलं?” मी विचारले.

बाबा म्हणाले, “त्याच्या मांगं ते चांगलं वाटलं.”

यावर मी पुष्कळ विचार केला. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन, आणि पुढच्याच वर्षी मार्लेची आयलंडसाठीची पहिली तबकडी आली, हे सगळे आमच्या निबंधाच्या तासाला मला मांडता येईल. बाबांना यातले काही ठाऊक नव्हते. मार्ले कुठला, कुणासाठी गातो, हेही माहीत नव्हते. त्यांनी नुसते ऐकले, आणि पंधरा वर्षे गाणी जोडत बसलेल्या माणसाच्या कानाने एक जोड जुळवली. मी मुद्दाम हेडफोन लावून ती जागा पुन्हा पुन्हा ऐकली. मार्लेचे गाणे विरत जाते, त्याचा बेस खाली उरतो, खरखर, आणि वर ढोलकी येते. लय जवळपास तीच आहे. फरक एवढाच की शिंदे समेवर येतात, आणि असे येतात की इतका वेळ मोकळी सोडलेली ती मात्रा त्यांच्यासाठीच राखून ठेवली होती असे वाटावे.

चौदा एप्रिलला आम्ही सगळे इर्विन चौकात जातो. आता गाड्यांवर भिंतीएवढे स्पीकर रचलेले असतात, आदर्श शिंदेचा आवाज आणि त्याखाली छाती हादरवणारा ठेका. बाबा कानावर हात ठेवून कुरकुर करतात, “ठोका हाय, शब्द कुठी हाय?” मी त्यांना सांगितले की किंग्स्टनच्या वस्त्यांतही असेच होते. १९५० च्या सुमारास तिथे लोकांनी मोठमोठे स्पीकर रस्त्यावर मांडून नाच सुरू केले, त्याला ते ‘साउंड सिस्टिम’ म्हणत, आणि रेगे त्यातूनच वाढले. ज्यांना सभागृहात जागा नव्हती त्यांनी रस्त्यावर आवाज मोठा केला. बाबांनी ऐकून घेतले. कानावरचे हात मात्र काढले नाहीत.

या वर्षीच्या संमेलनात मी गायले नाही. आवाज बसला होता. खरेच बसला होता; पण लेख लिहायला आवाज लागत नाही, म्हणून हा लेख.

लिहिता लिहिता एक अडचण आली. कॅसेटीवरचे ते गाणे पुरते नाही. बाबांचा अंदाज अर्ध्या मिनिटाने चुकला होता. शेवटचे कडवे सुरू होते, पहिली ओळ होते, आणि फीत संपून खट्कन बटण वर येते. लहानपणी मला वाटे की गाणे तिथेच संपते. बटणाचा तो आवाज हा त्याचा शेवटचा ठोका. परवा रात्री मी बाबांना विचारले, “पुढचं काय आहे?”

बाबांनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. सवयीने खिडकीकडे पाहिले. ती उघडी होती, खालून राजापेठच्या थांब्यावरच्या गाड्यांचे आवाज येत होते. उठून लावतील असे मला वाटले. उठले नाहीत. शेवटचे कडवे असे मधूनच आठवत नाही म्हणाले, आणि पहिल्या ओळीपासून गायला लागले.